जेवणातून मद्दु

आत्या, काल इथे म्हैसूरला गोकुलममध्ये एका परदेशी पोरीनं मला विचारलं की तू शेवटी कशी गेलीस, आणि मी तिला धडधडीत खोटं सांगितलं. म्हटलं, वयानं गेली, शांतपणे गेली, गाव तिला फार मानायचं, शेवटच्या दिवसापर्यंत तिच्या स्वयंपाकघरात कोणी ना कोणी जेवत असायचं. पोरीनं हात छातीशी नेला आणि हे सगळं वहीत उतरवून घेतलं. तिथल्या एका योगशाळेच्या गच्चीवर दर शनिवारी सकाळी मी अशा मुलांना झाडपाल्याची ओळख करून देते. पहाटेपासून अंग पिळून आलेली ती मुलं मांडी घालून बसतात. मी दोड्डपत्र्याचं, म्हणजे पानओव्याचं, जाड पान चुरगाळून एकेकाच्या नाकाशी धरते, ओंदेलगाची, म्हणजे ब्राह्मीची, पानं वाटून ताकात कालवते, तुझी तंबळी करून दाखवते, आणि दर दुसऱ्या वाक्याला 'माझी आत्या म्हणायची' असं म्हणते. तेवढी प्रामाणिक आहे मी. तुझं ज्ञान माझं म्हणून खपवत नाही. फक्त तुझं पुढे काय झालं ते सांगत नाही, आणि आजवर कोणी विचारलंही नव्हतं. काल विचारलं. सरस्वतीपुरमला घरी आले आणि दुपारभर कामवालीवर उगाच करवादत राहिले. बिचारीनं शेवटी विचारलं, अक्का, बरं नाही का वाटत? नाही वाटत, म्हटलं.

हे मी मराठीत लिहितेय याचं तुला हसू आलं असतं. आपल्या घरात मराठी ही बोलायची गोष्ट होती, लिहायची नव्हे. तू दुसरीपर्यंत कन्नड शाळेत गेलीस, मी एम. एस्सी. होईपर्यंत कन्नड आणि इंग्रजीत शिकले, आणि घरातलं आपलं मराठी म्हणजे पन्नास-शंभर शब्द आणि मधल्या फटी कन्नडनं बुजवलेल्या. लग्न होऊन साताऱ्याला गेले तेव्हा सासूबाईंनी माझ्या मराठीची अशी काही धुलाई केली की चार वर्षांत मी वर्तमानपत्राला पत्रं पाठवू लागले. नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही म्हैसूरला परतलो, तरी लिहायची सवय मराठीचीच राहिली. तुला ही अक्षरं वाचता आली नसती, हे मला पक्कं ठाऊक आहे. कदाचित म्हणूनच सुचतंय लिहायला. कन्नडमध्ये लिहिलं असतं तर तुला कोणीतरी वाचून दाखवलं असतं. पण कन्नडमध्ये तुझ्याबद्दल मी एकदाच एक वाक्य लिहिलं, आणि त्यानंतर माझा तो धीरच संपला.

मी तुझ्याकडे पहिल्यांदा राहायला आले ती काही मायेपोटी नव्हे. शिक्षण झालं होतं, नोकरी नव्हती, आणि एका संस्थेत तात्पुरतं काम मिळालं होतं. बेट्टदपुराच्या आसपासच्या गावांतलं औषधी झाडपाल्याचं ज्ञान, कोण काय देतं, कशावर देतं, कसं देतं, हे म्हाताऱ्या माणसांबरोबर जायच्या आत कागदावर आणायचं आणि प्रत्येक गावाच्या पंचायतीत त्याची एक नोंदवही ठेवायची. आमच्या सरांनी विचारलं, तिकडे तुमचं कोणी आहे का? मी म्हटलं, बाबांची थोरली बहीण आहे, औषधं देते. सर खुर्चीतून अर्धे उठलेच. तोवर आपल्या घरात तुझं नाव निघायचं ते सणाला पाठवायच्या लुगड्यापुरतं. नवरा लवकर गेलेली, मूलबाळ नसलेली, दोन एकर नाचणी आणि एक म्हैस सांभाळणारी आत्या, एवढीच मला माहीत होतीस. सरांच्या त्या अर्ध्या उठण्यानं मला एकदम तुझा अभिमान वाटायला लागला. आता आठवलं की लाज वाटते.

तुझ्या घरी मी औषधांचं कपाट शोधत होते. बाटल्या, पुड्या, काहीतरी. तुझ्याकडे होती एक चूल, एक पाटा आणि माठभर ताक. तू कुणाच्या हातात औषध देतच नव्हतीस. आलेल्याला आधी पाय धुवायला लावायचीस, मग ताट मांडायचीस. तोंड आलेलं असेल तर गणिकेच्या पाल्याचं बस्सारु, म्हणजे पाला उकडलेल्या पाण्याचं सार, आणि नाचणीचा मुद्दा, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा. खोकला असेल तर दोड्डपत्र्याची चटणी. समोरच्या घरातल्या बाईचा मुलगा काविळीनं पिवळाधमक झाला होता, त्याला तू एकवीस दिवस रोज सकाळी पायरीवर बसवून नेलनेल्लि वाटून घातलेलं ताक पाजलंस. नेलनेल्लि म्हणजे भुईआवळा, हे मला नंतर कळलं. मी ते लिहीत असताना तो पोरगा ओठांवरची ताकाची मिशी पुसत माझ्या वहीत डोकावत होता. मी तुला विचारलं, नुसता काढा करून का नाही देत? तू पाट्यावरून नजर न उचलता म्हणालीस, "मद्दु म्हणून हातात दिलं की माणूस घाबरतंय गे पुट्टी. जेवणातनं घालते मी. सुम्ने खातंय, उठतंय, कामाला जातंय. अष्टे." सुम्ने म्हणजे निमूट, अष्टे म्हणजे बस एवढंच; मी ते शब्दन् शब्द उतरवून घेतलं. माझ्या अख्ख्या कामातलं सगळ्यात सुंदर वाक्य तेच आहे असं मला वाटलं होतं, आणि ते सुंदर होतंच.

सकाळी तू मला बांधाबांधानं फिरवायचीस. तंबाखूच्या भट्ट्या पेटलेल्या असायच्या, सगळ्या शिवाराला तो गोडसर खमंग वास, आणि तू पदर खोचून पुढे, मी कॅमेरा सांभाळत मागे. वाळवून ठेवायला नमुना हवा म्हणून एकदा मी तुंबेचं एक रोप मुळासकट उपटलं, तर तू माझ्या हातावर फटका मारलास. "मुळासकट काढतेस? पुढच्या वर्षी कुणाच्या छातीत कफ झाला तर काय तुझा पेपर उकळून पाजू?" पानं वर्तमानपत्रात दाबून ठेवायची माझी रीत तुला फार विनोदी वाटायची, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचीस, आमची भाची पाल्याला इस्त्री करते. पण झाडाचं नाव विचारलं की गप्प व्हायचीस. नाव उघडं केलं की पाल्यातला गुण जातो, असं म्हणून तुझ्या सासूनं तुला शपथ घातली होती. चार दिवस मी मागे लागले. पाचव्या दिवशी भाकरी थापता थापता तू आपण होऊन नावं सांगायला सुरुवात केलीस, एकामागून एक, आणि मी पिठाच्या डब्यावर वही ठेवून लिहीत सुटले. थांबलीस तेव्हा म्हणालीस, "सासूला काय सांगायचं ते मी वर गेल्यावर बघते. मत्ते, आणखी एक. लिहिलंस ते मला वाचून दाखवायचं. पंचायतीत द्यायच्या आधी. एकेक अक्षर." मी हो म्हटलं. तू पुन्हा विचारलंस, "हौदा?" मी म्हटलं, हौदु आत्या, नक्की.

आता 'मद्दु' या शब्दाकडे येते. आपले पूर्वज राजाच्या फौजेतले, त्यामुळे बाबा गमतीनं म्हणायचे की आपल्या घरात मद्दु म्हणजे तोफेत ठासायची दारू. आणि ताप आला की तेच बाबा विचारायचे, मद्दु घेतलंस का? कन्नडमध्ये दोन्हीला एकच शब्द, एवढं मला येत होतं. तिसरा अर्थ तुझ्याकडच्या खेड्यांत राहतो. मत्सरानं किंवा सूडानं कुणाच्या जेवणात गुपचूप काहीतरी कालवायचं, आणि मग तो माणूस खंगत खंगत जातो, त्यालाही मद्दुच म्हणतात. फरक नुसत्या क्रियापदाचा. औषध देणारा मद्दु देतो, 'कोडोदु'. घात करणारा मद्दु घालतो, 'हाकोदु'. तू कन्नड बोलताना हे कधी चुकली नसतीस. पण माझ्याशी तू आपल्या घरच्या मराठीत बोलत होतीस, आणि मराठीत आपण औषध घालतोच की, डोळ्यात घालतो, जखमेवर घालतो, जेवणातून घालतो. नोंदवही कन्नडमध्ये करायची होती. मी आधी साधं सरळ लिहिलं होतं, 'औषधि कोडुत्तारे', औषध देतात. मग मला सरांचा नियम आठवला, की सांगणाऱ्याचाच शब्द ठेवायचा, आपला सुशिक्षित शब्द त्याच्या तोंडी कोंबायचा नाही. मी ते खोडलं आणि लिहिलं, 'ऊटदल्लि मद्दु हाकुत्तारे'. जेवणातून मद्दु घालतात. शब्द तुझाच ठेवला, फक्त भाषा बदलली. वर स्वतःवर खूश झाले. माझं कन्नड शहरातलं, शाळेत बक्षिसं मिळवलेलं, आणि त्याचा मला केवढा तोरा होता हे तुला माहीतच आहे.

पक्की प्रत झाली त्या दुपारी तू अंगणात नाचणी पाखडत होतीस. मी म्हटलं, आत्या, परवा सभेच्या आधी येऊन वाचून दाखवते. तू सूप खाली ठेवून म्हणालीस, "आत्ताच वाच की. मी बसते." खरं तर वाचायला अर्धा तास लागला असता. पण साडेतीनची बस होती, आणि मला दोन आठवड्यांनी घरी जाऊन शिकेकाई लावून केस धुवायचे होते. कारण एवढंच होतं. मोठं काही असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. परवा सरांच्या गाडीतून आले ती थेट सभेलाच.

सभा गावच्या शाळेत आहे. बाकं भिंतीला लावलेली, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. तू पुढच्या रांगेत बसली आहेस, बाबांनी गौरीला पाठवलेलं हिरवं लुगडं नेसून, नवरा गेला तरी तू न सोडलेली शेवंती केसांत. सर दोन शब्द बोलतात, टाळ्या होतात, आणि पंचायतीचे सेक्रेटरी नोंदवही उघडून एकेक पान मोठ्यानं वाचायला लागतात. कुणाचं हाड बसवणं, कुणाचं गुरांचं औषध, लोक माना डोलावतात. मग तुझं पान येतं. तुझं नाव, तुझं घर, आणि ते वाक्य. मागे कोणीतरी फिस्सकन हसतं. मग कोणीच हसत नाही. सेक्रेटरी थांबतात, चष्मा कपाळावर नेतात आणि माझ्याकडे बघून अगदी हळू विचारतात, "हाक्तारे अंतान, मेडम?" घालतात, असंच ना? आत्या, तो भला माणूस होता. तो मला हात देत होता. मला मात्र वाटलं, हा माझ्या कन्नडमधली चूक काढतोय, तीही सरांच्या देखत. माझे कान तापले. मी ताठ बसून म्हटलं, "हौदु. अवरे हेळिद्दु." हो, त्यांनीच तसं सांगितलंय. तू वळून माझ्याकडे बघितलंस. समोरच्या घरातल्या बाईनं मांडीवरच्या त्या मुलाच्या तोंडावरून उगाचच पदर फिरवला. सरांनी मला विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.

घरी जाताना ओढ्याशी आल्यावर म्हणालीस, "हाकोदु म्हणतंय का गे कुणी? कोडोदु म्हणायचं. शहरातली तू, तुला काय माहीत." मग मला तिसरा अर्थ समजावून सांगितलास, लहान मुलाला सांगावं तसा, शांतपणे. मी म्हटलं, मी परत जाते, आत्ता सांगते सगळ्यांना. तू म्हणालीस, "आत्ता नको. आत्ता सांगितलं तर जास्तच वाटेल. चार दिवस जाऊ देत, विसरतील. मत्ते तुला म्हटलं होतं, वाचून दाखव म्हणून." त्यापलीकडे तू मला एका शब्दानं बोलली नाहीस. तू चिडली असतीस, तर मी रडले असते आणि तिथेच काहीतरी निस्तरलं असतं. त्या संध्याकाळी तू मला दोड्डपत्र्याची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून दिलीस, कुंडीत लाव म्हणालीस, आणि मी सरांच्या गाडीत बसून म्हैसूरला निघून आले.

लोक विसरले नाहीत. कोणी तुला शिवी दिली नाही, दारात दगड पडला नाही, उगाच वाढवून सांगणार नाही. त्यांनी फक्त तुझ्या हातचं खाणं सोडलं. हे सगळं मला बाबांकडून तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. तू दिलेलं ताक समोरच्या बाईनं हसून घेतलं आणि कुंपणाच्या मुळाशी ओतलं. गावातल्या लग्नात दरवर्षी सारासाठी मसाला वाटायला तुला बोलवायचे, त्या वर्षी तुला मांडवात खुर्ची दिली, अगदी मानाची, आणि स्वयंपाकाकडे जाऊ दिलं नाही. वर्षापूर्वी कुणाची सून खंगून मेली होती ती आता लोकांना आठवायला लागली. आणि कुणी तुझी बाजू घेतली, म्हणजे घेणारेही दोघे-तिघे होते, की बाकीचे एकच उत्तर द्यायचे, "अवर मने हुडुगीने बर्दिदाळे." त्यांच्या घरच्याच मुलीनं लिहिलंय. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर तुला भांडता आलं असतं. माझ्याशी कशी भांडणार होतीस?

तू पंचायतीतल्या फोनवरून बाबांना एकदाच निरोप दिलास. पुट्टीला म्हणावं एक दिवस ये, सभेत उभं राहून सांग की तुझं चुकलं, तुझंच ऐकतील. बाबांनी तो मला जसाच्या तसा सांगितला. मी म्हटलं, येत्या रविवारी जाते. त्या रविवारी सरांनी अहवालासाठी बोलावलं. पुढच्या रविवारी एक मुलाखत होती. मग साताऱ्याहून स्थळ आलं. कारणं खरी होती सगळी, म्हणूनच तर इतकी उपयोगी पडली. खरी गोष्ट अशी की चूक कबूल करायची तर ती सरांसमोर, नोंदवहीत, लाल शाईनं करावी लागली असती, आणि मला त्यांच्याकडून शिफारसपत्र हवं होतं. माझं लग्न झालं आणि पुढच्या उन्हाळ्यात तू तापानं गेलीस. किती दिवस अंथरुणाला होतीस हे कुणालाच नीट सांगता आलं नाही. मी साताऱ्याला होते, दिवस गेले होते, मला आणलं नाही. तेराव्याला बाबांनी सगळ्या गावाला जेवण सांगितलं होतं. पानं मांडली, भात वाढला, आणि बसलं कोणी नाही. लोक आले, तुझ्या फोटोला फुलं वाहिली, बाबांचे हात हातात घेतले आणि पाणीसुद्धा न पिता गेले. बाबांनी हे मला पाच वर्षांनी सांगितलं, तेही एकदाच, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

आज तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. ती नोंदवही अजून पंचायतीच्या कपाटात असेल. एका शब्दावर रेघ मारायची आणि शेजारी दुसरा लिहायचा. मला आता बसनं जायला दोन-अडीच तास लागतात, नोकरी नाही, सर नाहीत, घाबरायला कोणीच उरलेलं नाही. तरी गेले नाही. समोरच्या घरातला तो ताकाच्या मिशीवाला मुलगा आता चांगला बापया झाला असेल. त्याच्या पोरांना तुझ्याबद्दल काय सांगतात, हे मला माहीत करून घ्यायचं नाही, म्हणून गेले नाही. गोकुलममध्ये मात्र मी तुला दर शनिवारी देवी करून बसवते. त्या मुलांना ते आवडतं. मलाही आवडतं, हेच वाईट आहे.

आणि एक दिवस राहिला. मी लग्नाची पत्रिका द्यायला तुझ्याकडे आले तो. आपली ती शेवटची भेट. बाबांना मी सांगितलं होतं की त्या दिवशीच सभेचं बघते, सेक्रेटरींना भेटते. ते रजेवर निघाले आणि मला केवढं हायसं वाटलं. तुझ्या दारापाशी आले तर समोरच्या बाईनं ओसरीवरून मला हळूच हाक मारली. माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्या बघितल्या. म्हणाली, "ऊटा माडबेड, तायी. मदुवे हेण्णु नीनु." जेवू नकोस, ताई, लग्नाची मुलगी तू. ती वाईट मनानं बोलली नाही. मी तिला म्हणायला हवं होतं की अहो, ते वाक्य माझं आहे, ते चुकीचं आहे, तुमचा मुलगा हिच्या ताकानं जगलाय. मी मान हलवली आणि आत आले.

तू सकाळपासून रांधत होतीस. लग्न ठरलेल्या मुलीला नातलग जेवू घालतात त्याला केळवण म्हणतात, हे मला सासरी कळलं. तू त्याला काही नाव दिलं नव्हतंस, नुसती केळीच्या पानाभोवती रांगोळी काढली होतीस. मुद्दा होता, बस्सारु होतं, मूगडाळ-गुळाची हुग्गी होती, वर तूप. किती महिन्यांनी तुझ्या घरात दुसऱ्या कुणासाठी पान मांडलं गेलं असेल याचा मी तेव्हा विचार केला नाही. तू मला ओवाळलंस आणि म्हणालीस, "बस गे पुट्टी, गार होतंय." मी उभीच राहिले. म्हटलं, आत्या, मी वाटेत हुणसूरला जेवून आले. तू माझ्याकडे बघितलंस. फार वेळ नाही. "हौदा? बरं," म्हणालीस, ते पान स्वतःकडे ओढलंस, माझ्यासमोर बसून जेवायला लागलीस, आणि जेवता जेवता मुलाकडची माणसं किती, घर कसं आहे, पाऊस किती पडतो, सगळं विचारत राहिलीस. मी उत्तरं दिली. बाकी सगळं माझ्या अज्ञानाच्या नावावर टाकता येतं, आजवर टाकत आले. हे नाही येत. आत्या, बस हुणसूरला थांबली, पण मी खाली उतरलेच नव्हते. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. नोंदवहीतलं ते वाक्य खोटं आहे हे तुझ्याखेरीज सगळ्या गावात मला एकटीला पक्कं माहीत होतं, आणि तरी तुझ्या पानावर बसायची मला भीती वाटली.